रिकाम्या खुर्चीमागची रांग

इनास सर गेले आणि दुसऱ्याच सकाळी माणिकपूरच्या नाक्यावर त्यांना श्रद्धांजली वाहणारा फलक लागला. वरच्या ओळीत पक्षाचे राज्यातले नेते, त्याखाली जिल्ह्यातले, मधोमध हात जोडून आमच्या नगरसेविकाबाईंचे यजमान नंदूशेठ, त्यांच्या खांद्यामागून डोकावणाऱ्या खुद्द नगरसेविकाबाई, आणि अगदी तळाला डाव्या कोपऱ्यात सर. ओळखपत्रावर असतो तेवढाच फोटो. तोसुद्धा पाण्याच्या मोर्चाच्या जुन्या फोटोतून कापून काढलेला. कापणाऱ्याला नीट जमलं नव्हतं, त्यामुळे सरांच्या शेजारी आमच्या शाखेतल्या जसिंताचा अर्धा दंड तसाच राहिला होता.

मी भाजीला निघाले होते. ते बघितलं आणि माझं डोकं सणकलं. ज्या माणसाला या लोकांनी शेवटच्या वर्षात शाखेच्या पायरीवरसुद्धा उभं केलं नाही, त्याच्या नावाने हात जोडायला यांना लाज कशी वाटत नाही? आणि जिचं तिकीट कापलं, तिचा दंडसुद्धा यांना नीट कापता येऊ नये? नाक्यावरचा पानवाला म्हणाला, "काकू, उन्हात किती वेळ उभ्या राहणार?" मी त्याच्यावरच खेकसले. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

सरांचं आणि फलकांचं वैर जुनं. आमच्या शाखेचा एक जुना कार्यकर्ता वारला होता, तेव्हाही असाच फलक लागला होता. शोकाकुल मंडळींची एवढी गर्दी की कुणी नवखा आला असता तर त्याने सगळ्यांनाच श्रद्धांजली वाहिली असती. सर बराच वेळ फलकाखाली उभे राहिले आणि मग मोठ्याने विचारलं, "यात मेलंय कोण?" आमचे शाखाध्यक्ष दळवी धावत आले. "सर, हळू बोला, घरची माणसं आहेत." सर म्हणाले, "घरच्यांसाठीच विचारतोय. त्यांना आपलं माणूस शोधायला लागतंय." मग त्यांनी हातातली लांब काळी छत्री उलटी धरली, तिची मूठ फलकाच्या दोरीत अडकवली आणि भर बाजारात तो फलक खाली ओढला. संध्याकाळी नवा लागला. त्यावर एकटा गेलेला माणूस होता आणि त्याचं नाव होतं. बस.

ती छत्री बारा महिने त्यांच्या हातात असायची. अंगाने उंच, सडसडीत, चालणं भरभर. मूळचे जवळच्याच वटार गावचे. ऐन तिशीत आफ्रिकेतल्या मलावी देशात एका मिशन शाळेवर गणित शिकवायला गेले आणि केस पांढरे करून परत आले. त्यामुळे अख्खा गाव त्यांना 'आफ्रिका सर' म्हणायचा. मुलं विचारायची, सर, सिंह बघितला का? सर म्हणायचे, "नाही. पक्ष बघितले." मुलांचा विरस व्हायचा.

पण ते खरंच होतं. सर तिथे गेले तेव्हा त्या देशात एकच पक्ष होता. त्याचं कार्ड खिशात नसेल तर बाजारातसुद्धा शिरू देत नसत. मग लोकांनी मतदान करून ते बंद पाडलं आणि सरांच्या डोळ्यांदेखत नवे पक्ष जन्माला आले. एकाची शाखा तर शाळेसमोरच्या शिंप्याच्या दुकानात निघाली. पहिल्या वर्षी आंब्याखाली सभा, कुणीही उठावं आणि बोलावं. दुसऱ्या वर्षी सभेत खुर्च्या आल्या आणि बोलणारे ठरले. पुढे शाखा उठून आमदाराच्या घरी गेली. बायकांना नेत्याचा चेहरा छापलेली लुगडी मिळायला लागली, ती कमरेला गुंडाळून त्यांनी नेत्यासमोर नाचायचं. निवडणूक संपली की शाखेला कुलूप. नेता पक्ष बदलायचा तेव्हा रातोरात लुगड्यांचा रंग बदलायचा, बायका त्याच, नाच तोच. सर हे सांगताना हसत नसत. म्हणायचे, "वहिनी, तिथली लोकशाही लहान होती, पडत-धडपडत होती, ते मी समजू शकतो. आपली म्हातारी होऊनही पाळण्यातच झोपते, हिला काय म्हणायचं?"

त्यांची माझी ओळख पाण्यामुळे झाली. आम्ही लालबाग सोडून माणिकपुरात फ्लॅट घेतला आणि नळाला हवा यायला लागली. तक्रार करायला म्हणून मी पक्षाच्या शाखेत गेले, तर तिथे महिन्याची बैठक चालू होती. विषय एकच, साहेबांच्या दौऱ्यात हार कुठला. गुलाबाचा की झेंडूचा, यावर चांगली खडाजंगी चालली होती. मागच्या बाकावर एक पांढऱ्या केसांचा माणूस शाळकरी मुलासारखा हात वर करून बसला होता. कुणी लक्ष देईना. शेवटी दळवी वैतागून म्हणाले, "बोला सर." सर उठले. "या शाखेचे सभासद किती, त्यांना शेवटचं कधी बोलावलं, आणि या बाई मघापासून दारात उभ्या आहेत त्यांना काय हवंय, हे तीन प्रश्न आहेत." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पहिल्यांदा कुणीतरी मला काय हवंय ते विचारलं होतं. मी त्याच दिवशी सभासद झाले.

"पक्ष म्हणजे सभासद. बाकी सगळा मंडप." हे त्यांचं पालुपद. कशावरही लावायचे. लग्नाला गेले आणि जेवणाच्या पंक्तीत यजमान दिसले नाहीत तरी म्हणायचे, बाकी सगळा मंडप. हात वर केल्याशिवाय बोलायचे नाहीत, स्वतःच्या घरातही नाही. त्यांच्या घरी गेलं की बिनसाखरेचा काळा कडक चहा मिळायचा. मलावीतल्या चहाच्या मळ्यांजवळ राहून लागलेली सवय. मी एकदा साखर मागितली तर म्हणाले, "पक्षात आहात, कडू प्यायची सवय करा." कधी लहर आली तर मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायचे आणि बोंबलाच्या कालवणाबरोबर खायला घालायचे. तो गोळा घशाखाली उतरवणं हीसुद्धा एक पक्षनिष्ठाच होती.

शाखेचं खरं काम मात्र जसिंता करायची. जसिंताची वटारला छोटी वाडी. तिथली भाजी आणि केळी घेऊन रोज सकाळी माणिकपूरच्या बाजारात रस्त्याकडेला बसायची. तिच्या टोपल्यांपुढे भाजी घेणाऱ्यांपेक्षा गाऱ्हाणी घेऊन येणारेच जास्त. कुणाचं पाणी, कुणाच्या म्हातारीचा दाखला, कुणाच्या गल्लीतला दिवा. एका हाताने भेंडी निवडत दुसऱ्या हाताने फोन लावायची आणि महापालिकेतल्या साहेबाला झापायची, "तुज्या घरी येतं ना पानी? मग आमच्या घरी का नाय येत?" आमच्या इमारतीचं पाणी तिच्यामुळे आलं. टँकरच्या मोर्चात रस्त्यावर आडवी पडणारी ती, आणि पेपरात फोटो दळवींचा.

महापालिकेच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या होत्या. त्या अखेर लागल्या आणि आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव झाली. शाखेत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, जसिंता. दळवीसुद्धा म्हणाले, दुसरं आहेच कोण? आणि त्याच आठवड्यात नंदूशेठ आमच्या पक्षात आले. गोखिवऱ्यात त्यांचे कारखान्यांचे गाळे. आधी ते दुसऱ्या पक्षाचे नगरसेवक होते. जागा बायकांची झाली म्हणून त्यांनी पक्ष बदलला आणि उमेदवारी मागितली बायकोसाठी. बायकोला आमच्यापैकी कुणीही कधी बघितलेलं नव्हतं. मला वाटतं, तिलाही कुणी विचारलं नसावं.

तेव्हा सरांनी हात वर केला. "सभासदांना ठरवू द्या. मी मलावीत बघितलंय ते आपण इथे करू."

ते त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. तिथे पक्षाचा उमेदवार ठरवायला चिठ्ठ्या नसत. इच्छुक मैदानात उभे राहायचे आणि सभासदांनी आपापल्या माणसाच्या मागे रांग लावायची. ज्याची रांग लांब तो उमेदवार. शाळेचा रखवालदार चिसोमो नावाचा होता. शाळेसमोरच्या मैदानात तो आमदाराच्या भल्यामोठ्या रांगेकडे पाठ करून एका शिक्षिकेच्या मागे पहिला जाऊन उभा राहिला, आणि त्याला बघून एकेक करत बाकीचे आले. इथपर्यंत आलं की सरांचा आवाज चढायचा. "वहिनी, रांग दिसते. ती पेटीत बदलता येत नाही." गोष्ट तिथेच संपायची. पुढे काय झालं ते आम्ही कधी विचारलं नाही.

जसिंता तयारच नव्हती. "सर, मी भाजीवाली बाय. ते शेठ लोक. माज्या मागं कोन उभं राहनार?" सर म्हणाले, "तेच तर बघायचंय." मी सुचवलं, चिठ्ठ्या टाकू या ना सर, गुप्त. सर माझ्यावर उखडले. "आपल्याच पक्षात लपून मत द्यायचं? मग पक्ष कशाला म्हणता त्याला?" दळवींनी मान डोलावली. रांगेने काही बिघडत नाही, असं त्यांना वरून सांगितलं असावं.

रविवारी चर्चमधली सकाळची मिसा सुटल्यावर वटारच्या मैदानात सगळे जमले. जसिंता ठेवणीतलं लुगडं नेसून, हात पोटाशी घट्ट धरून एका टोकाला उभी. दुसऱ्या टोकाला नंदूशेठची गाडी आली. गाडीतून नंदूशेठ उतरले, त्यांची माणसं उतरली, आणि दार बंद झालं.

सरांनी विचारलं, "उमेदवार कुठे आहेत?"

"मॅडम घरी आहेत. पाहुणे आलेत ना. टेन्शन नका घेऊ सर, मी उभा राहतो तिच्या जागी. सेमच आहे."

"सेम नाही," सर म्हणाले. "जागा महिलेची आहे. तुम्ही महिला असाल तर उभे राहा."

मैदानात हशा पिकला. नंदूशेठचा चेहरा उतरला. सरांनी बाजूच्या घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणवली आणि त्या टोकाला मांडली. "तुमच्या उमेदवार येईपर्यंत ही त्यांची जागा. ज्यांना त्या हव्यात त्यांनी हिच्या मागे उभं राहावं."

आणि माणसं त्या रिकाम्या खुर्चीमागे उभी राहिली. अहो, खरंच राहिली! दळवी पहिले. ज्यांच्या घरचं पाणी जसिंताने आणलं होतं ती माणसंसुद्धा मान खाली घालून एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीमागे ओळीने उभी. मला आजही ते आठवलं की अंगाची लाही होते. पण जसिंताच्या मागे लागलेली रांग मैदान ओलांडून पार वाडीच्या कुंपणापर्यंत गेली. मी होते, आमच्या इमारतीतल्या बायका होत्या, नाक्यावरचे रिक्षावाले होते, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत काम करणारी पोरं आणि त्यांच्या आया होत्या. मोजायची गरजच पडली नाही. सर दोन्ही रांगांच्या मधोमध छत्री टेकून उभे होते. त्यांनी निकाल सांगितला तेव्हा जसिंता रडायला लागली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "सर, आता भाजी कोन विकनार?"

नंदूशेठ शांतपणे गाडीला टेकून उभे होते. त्यांच्या माणसाने मोबाईल वर धरून आमची रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रित केली. आम्ही मूर्खासारखे त्याच्याकडे बघून हात हलवले.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत जसिंता शाखेत बसून होती. पक्षाची अधिकृत उमेदवारी सांगणारा ए-बी फॉर्म वरून यायचा होता. आला तो थेट नंदूशेठच्या घरी. दळवी म्हणाले, वरून निर्णय झाला. सरांनी विचारलं, "वर कोण?" दळवी म्हणाले, "वर म्हणजे वर." "मग त्या रविवारी आम्ही काय केलं?" तर दळवी म्हणतात कसे, "सर, तो तुमचा कार्यक्रम चांगला झाला. लोकांना बरं वाटलं." मी त्या माणसाला दोन शब्द ऐकवले, ते इथे लिहिता येणार नाहीत. सरांनी मात्र हातसुद्धा वर केला नाही.

त्यानंतर जे झालं त्याला कुणी शिक्षा म्हटलं नाही. रिक्षावाल्यांपैकी दोघांना स्टँडवर नंबर मिळेना. गाळ्यातल्या पोरांना सांगितलं, काम कमी आहे, उद्यापासून येऊ नका. जसिंताची बाजारातली रस्त्याकडेची जागा एका सकाळी बांबू लावून अडवली गेली आणि तिला मागे गटाराजवळ बसायला सांगितलं. तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. वाडीतून सकाळी आणलेली भाजी संध्याकाळी तशीच परत जायला लागली. मला काही झालं नाही. माझं पेन्शन कुणाच्या गाळ्यात अडकलेलं नव्हतं.

बाई निवडून आल्या. त्यांच्या विजयाच्या मिरवणुकीत नंदूशेठ उघड्या जीपवर उभे होते आणि बाई ड्रायव्हरच्या शेजारी काच वर करून बसल्या होत्या.

त्या संध्याकाळी सर माझ्याकडे आले. चहा ठेवला तर नको म्हणाले. छत्री गुडघ्यांवर आडवी घेऊन बसले आणि म्हणाले, "चिसोमोची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली."

मी गॅस बंद करून त्यांच्यासमोर बसले.

"त्या शिक्षिकेची रांग लांब होती, पण राजधानीतून आमदाराचंच नाव आलं. पुढच्या पेरणीला गावात खताच्या पिशव्या वाटल्या. जे त्या रांगेत होते त्यांना वगळून. कोण कुठे उभं होतं ते सगळ्यांनी बघितलं होतं ना, रांग दिसते. चिसोमोचा मका हातभर वाढून पिवळा पडला. मग त्याची नोकरी गेली, आणि एका पहाटे तो बायकोमुलांना घेऊन गाव सोडून निघून गेला." सरांनी छत्री बाजूला ठेवली. "त्याला उभा राहा म्हणून मी सांगितलं होतं, वहिनी. तू उभा राहा, मी आहे. आणि मी होतो कुठे? शाळेच्या व्हरांड्यात. परदेशी माणूस, मला रांगेत जागा नव्हती. मी वरून बघत होतो आणि टाळ्या वाजवत होतो."

"सर, इथे तर तुम्ही..."

"इथे मी मधोमध उभा होतो. पंच म्हणून. इथेही कुठल्या रांगेत नव्हतो." ते इतक्या जोरात म्हणाले की आतून माझे यजमान बाहेर आले. "मला ठाऊक होतं पुढे काय होतं ते. तरी मी माणसं उन्हात उभी केली, कारण मला ती लांब रांग एकदा जिंकलेली बघायची होती."

मी त्यांना म्हटलं, चूक तुमची नाही, ज्यांनी बांबू लावला त्यांची आहे. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. पण सरांची समजूत पटली नाही. छत्री उचलून ते निघून गेले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. बाजारात मागच्या बाजूला, गटाराजवळ. दुपार व्हायला आली होती, ऊन चढलं होतं. जसिंता टोपल्या मांडून बसली होती, आणि तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, सर उभे होते. ताठ. छत्री होती, पण मिटलेली. समोर येऊन भाजी घेत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते. नुसते तिच्या मागे उभे. शेजारची सुकी मासळी विकणारी बाई म्हणाली, रोज येतात, रोज असेच उभे राहतात, वेडे झालेत.

मी जवळ गेले. "सर, इथे काय करताय?"

त्यांनी आधी हात वर केला. मग म्हणाले, "रांगेत आहे, वहिनी. आता कुणाला चित्रण करायचं तर करू दे."

जसिंताने कुठूनतरी एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून त्यांच्या शेजारी ठेवली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुमी तरी सांगा. रोज सांगतंय मी, सर बसा. आयकतच नायत."

मी सांगितलं. सरांनी खुर्चीकडे बघितलं आणि मान हलवली. माझ्या हातात भाजीची रिकामी पिशवी होती. मी ती घडी घालून काखेला मारली आणि सरांच्या मागे जाऊन उभी राहिले.